धीर: जयपुरात लक्ष्मीबाई वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तली काही प्रकरणे हिंदीत आणायची म्हणून गेल्या वर्षी मी कामाला बसले आणि पहिल्याच आठवड्यात 'सोवळे' या शब्दाशी अडले. हिंदीत 'छुआछूत' म्हटले की ते दुसऱ्याला दूर ठेवणे होते. सोवळ्यात माणूस स्वतःलाच सगळ्यांपासून दूर ठेवतो. 'शुद्धता' हा शब्द साबणाच्या जाहिरातीतला वाटतो. शेवटी हा शब्द मला राजस्थानातच सापडला. नाथद्वाऱ्याच्या पुष्टिमार्गी घरांत 'अपरस' म्हणतात. अपरसात असलेल्या बाईला मूलसुद्धा शिवत नाही. आमच्या ओळखीच्या एका वैष्णव घरातल्या सासूबाईंनी मला तो नीट समजावून सांगितला आणि वर विचारले, तुम्ही मराठी लोक अजून पाळता का? मी म्हटले, आम्ही आता त्याच्यावर पुस्तके लिहितो.

दुसऱ्या शब्दाने मात्र मला कित्येक महिने पुढे जाऊ दिले नाही. तो साधा आहे: धीर. त्याच्याविषयी पुढे सांगते. आधी ती बाई कोण, ते मराठी न वाचणाऱ्या मित्रांसाठी थोडक्यात सांगायला हवे.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यात जन्मल्या. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने असे घर केले की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. लक्ष्मीबाई हे सगळे हसत सांगतात. वाचताना आपणही हसतो आणि मग जाणवते, की हे एका भेदरलेल्या माणसाचे घर आहे आणि त्यात लहान मुली वाढताहेत. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक: कवी, विद्वान, लहरी, भयंकर तापट आणि तितकाच दयाळू. हाती आलेला पैसा दुसऱ्या कुणाला तरी अधिक गरजेचा आहे असे त्यांना नेहमी वाटे, आणि एका जागी ते टिकत नसत. बायकोला वाचायला शिकवले ते त्यांनीच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईचे पुस्तक मराठी आत्मचरित्रांच्या पहिल्या रांगेत बसते; टिळकांच्या पुष्कळशा कविता आज अभ्यासक्रमापुरत्या उरल्या आहेत. काळ असा कधी कधी न्याय करतो.

सुमारे १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीत एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारले नव्हते. लहानगा दत्तू तिच्यापाशी होता. त्याच्या आधीची मुले हाती लागली नव्हती.

ही बातमी नातेवाइकांनी आधी दडवून ठेवली, मग हळूहळू फुटली. तेव्हा ख्रिस्ती होणे म्हणजे घर, पंगत, पाणी, श्राद्ध सगळ्यांतून उठणे. नवरा गेला म्हणावा तर तो जिवंत. कपाळावर कुंकू आहे, पण संसार नाही. अशा बाईला समाजात नाव नव्हते. विधवेला निदान नाव होते.

इथे कायद्याचे दोन मुद्दे सांगते, कारण वाङ्मयावर लिहिणारे ते सहसा ओलांडून जातात. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचे हक्क जात नव्हते. म्हणजे मुलावरचा बापाचा दावा टिकत होता. आणि १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला होता. धर्म बदलल्यामुळे नवरा किंवा बायको सहा महिने नांदायला येत नसेल, तर धर्मांतरित माणसाला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत होते आणि दुसरे करता येत होते. कोर्ट समजुतीसाठी मुदत देई, पण दार उघडे होते. टिळक त्या दाराने गेले नाहीत. चार-पाच वर्षे ते पत्रे लिहीत राहिले. विचारल्याशिवाय बाप्तिस्मा घेणारा हाच माणूस, आणि विचारल्याशिवाय तिला सोडणार नाही असा हटवादीही हाच. मला त्यांचा राग येतो आणि मग इथे येऊन तो अडतो.

ती वर्षे लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांकडे काढली, त्यातली बरीचशी पंढरपुरात बहिणीच्या घरी. वेड लागायची पाळी आली. विठोबाचे गाव, एकादशीची गर्दी, आणि त्यात ही बाई मुलाला कडेवर घेऊन. कविता त्यांना इथे सुटायला लागली. वियोगात कविता सुचली हे वाक्य मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गोड वाटते. अनुवाद करताना तितके वाटत नाही. लक्ष्मीबाई त्या काळाचे वर्णन करतानासुद्धा मधेच एखादी गमतीची गोष्ट सांगतात. माझ्या हिंदी मसुद्यात ती गंमत खोटी वाटत होती, म्हणून मी तीन वेळा ती वाक्ये काढून टाकली आणि तीन वेळा परत घातली.

माझी अडचण भाषेची होती, असे मी संपादकांना कळवले. ते अर्धे खरे होते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने नोकरी सोडली. अलवरच्या पुढे एका गावात काही मित्रांनी पाणी अडवण्याचे आणि शाळेचे काम चालवले होते, तिथे तो जाऊन राहिला. काम चांगले आहे, त्यात वाद नाही. त्याने राजीनामा दिला त्या दिवशी संध्याकाळी मला सांगितले, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असे तेज होते की मला चिडायलासुद्धा संकोच वाटला. मुलगी तेव्हा नववीत होती. जयपूरचे घर, तिची शाळा, हप्ते, माझ्या सासूबाईंची औषधे आणि माझा अनुवादाचा तुटपुंजा मेहनताना या सगळ्यांचे काय, हे त्याने विचारात घेतलेच नाही असे नाही. तो म्हणाला, 'तू आहेस ना.' कौतुकाने म्हणाला. महिन्यातून दोनदा येई, भाजी आणी, मुलीशी गप्पा मारी आणि सोमवारी पहाटेच्या बसने जाई. शेजारचे लोक त्याला थोर म्हणत. मी घरात मनूसारखी सगळ्या वस्तू धूत बसे. हे अलंकारिक नाही. त्या वर्षी मला खरोखरच डबे धुण्याचा नाद लागला होता.

तेव्हा लक्ष्मीबाई परत का गेल्या, हा माझ्यापुढचा प्रश्न निव्वळ पाठचिकित्सेचा नव्हता.

त्या परत गेल्या त्या अटींवर, हे मला दुसऱ्या वाचनात कळले. टिळक तेव्हा अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत होते. लक्ष्मीबाई नगरला गेल्या, पण आपले सोवळे घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, मूल मधे. एका अर्थाने त्यांनी नवऱ्याला नवऱ्याच्याच अंगणात ताटकळत ठेवले. मग केव्हातरी जातीचा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप सुटला. कुणा मिशनऱ्याच्या प्रवचनाने नव्हे, टिळकांच्या वादाने तर नाहीच. स्वतःशीच विचार करता करता त्यांना दिसले की जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली आहे. आणि मग कुणाच्याही हातचे पाणी प्यायला त्या मोकळ्या झाल्या. ज्या बापाने घरातली प्रत्येक वस्तू धुऊन घेतली, त्याच्या मुलीला धर्माचा पहिला अनुभव आला तो पाण्यातून. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

ही पाच वर्षे माझ्या मते त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहेत. मराठीत त्यांच्याविषयी बोलताना 'पतीच्या पावलावर पाऊल' असे काहीतरी म्हणायची पद्धत आहे. जोसेफीन इंक्स्टर यांचे १९५० चे इंग्रजी भाषांतरही 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाले. ते शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातले आहेत, तिथे तो ख्रिस्ताचा पाठलाग करण्याविषयी बोलतो. पण ज्याला पत्र आठवत नाही त्याला मुखपृष्ठावर एक बायको नवऱ्यामागून चाललेली दिसते. २०१७ मध्ये शान्ता गोखले यांनी नवे भाषांतर केले तेव्हा उपशीर्षकात तेजस्वी बाणेदार बायको आली, म्हणजे अनुयायी गेली, पण बायको राहिली. मराठी शीर्षकात नवराही नाही आणि बायकोही नाही, नुसती चित्रे आहेत आणि आठवण आहे. मी हिंदीत ते तसेच ठेवले आहे.

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवायला शिकवले होते, तर याच नगरातली एक जुनी गोष्ट शेजारी ठेवते. हरिपंत खिस्ती १८३९ मध्ये अहमदनगरला ख्रिस्ती झाले, टिळकांच्या छप्पन वर्षे आधी. त्यांची बायको राधाबाई तेव्हा अगदी तरुण होती. तिची कहाणी पुढे तिच्या मुलीने, कृपाबाई सत्यनाथन यांनी, 'सगुणा' या इंग्रजी कादंबरीत घातली. ती १८८७-८८ मध्ये मद्रासच्या मासिकातून आली. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून मिशनच्या आवारात येऊन पडलेली, अन्नाला न शिवणारी, सगळ्यांवर डोळे वटारणारी ती मुलगी कादंबरीत फार थोडी पाने घेते, पण पुस्तक मिटल्यावर तीच आठवते. हळूहळू तीही ख्रिस्ती होते आणि पुढे घरातली सगळ्यांत भाविक व्यक्ती ठरते. नवऱ्यामागे एवढा मोठा संसार तिने ओढला. कृपाबाई तिचे तेरावे अपत्य. कृपाबाईंना स्वतःला एकच मूल झाले, ते वर्षाचे होण्याआधी गेले, आणि १८९४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी त्याही गेल्या.

राधाबाईला आपले म्हणणे स्वतः लिहिता आले नाही. मुलीने लिहिले, तेही इंग्रजीत, सभ्यपणे. लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहिले. दोघींच्या मधली पन्नास-साठ वर्षे म्हणजे हा फरक आहे. बाकी चूल, मूल, न विचारता ठरलेले आयुष्य यांत काही फार बदल झाला होता असे दिसत नाही.

आणि पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एकाच कोपऱ्यात जाते: आई म्हणून. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. वैवाहिक आयुष्य दोन वर्षांचेही नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढची रमाबाईंची तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेली पत्रापत्री १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापली गेली. मी ती विशीत वाचली तेव्हा मला तिच्यातले धर्मशास्त्र दिसले होते. चाळिशीत वाचली तेव्हा दिसले की हे एका एकट्या आईचे भांडण आहे. चेल्टनहॅमला शिकायचे तर मूल दुसऱ्यांकडे ठेवावे लागते. ज्यांच्याकडे ठेवले त्यांचे उपकार. आणि उपकारकर्ते मुलीचे सगळे ठरवू पाहतात: तिने कोणती प्रार्थना म्हणावी, कोणत्या देशाची होऊन वाढावे. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत, आपला विचार करण्याचा हक्क सोडत नाहीत, आणि मनोरमा परकी व्हायला नको हे पुन्हा पुन्हा सांगतात. ख्रिस्तावर विश्वास ठेवला म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांवर ठेवला असे होत नाही, एवढे हे साधे म्हणणे आहे. पण ते म्हणायला पदरात मूल आणि खिशात काही नसताना जे लागते, त्याला मी धीर म्हणेन.

त्यांची खरी खूण मात्र वेगळीच आहे, आणि एक अनुवादक म्हणून मला तिचा हेवा वाटतो. केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत नव्याने केले. जवळजवळ अठरा वर्षे. आधीच्या भाषांतरातली संस्कृत वळणाची, हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेली भाषा त्यांना नको होती. कमी शिकलेल्या बाईला वाचता आले पाहिजे असे मराठी हवे होते. ज्या बाईला लहानपणी आईने भागवत तोंडपाठ करून दिले, तिने आयुष्याच्या शेवटी संस्कृत शब्द एकेक करून वेचून काढावेत! भाषा म्हणून ते बायबल ओबडधोबड आहे, हे मी प्रेमाने म्हणते आहे. खिळे जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या बायका. मधेच, जुलै १९२१ मध्ये, चाळिशीची मनोरमा वारली. तीच त्यांचा उजवा हात होती. रमाबाई मुद्रितशोधन करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

केडगाव आठवण्याचे मला जयपुरातही एक कारण आहे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आंटी राहतात. निवृत्त नर्स, सत्तरीच्या. त्यांचे घराणे ब्यावरकडचे. इकडे राजपुतान्यात स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनने १८६० मध्ये ब्यावरला काम सुरू केले. जयपुरात ते १८६६ मध्ये डॉक्टर कॉलिन व्हॅलेंटाइन यांच्यामुळे आले. डॉक्टर इथून जात असताना राजघराण्यातल्या एका आजारी राणीवर त्यांनी उपचार केले आणि महाराजा रामसिंह यांनी त्यांना ठेवून घेतले, अशी हकीकत आहे. धर्म इथे असा औषधाच्या पिशवीतून आला. मग विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००, त्या वर्षीचा दुष्काळ. राजस्थानात अजून त्याला 'छप्पनिया' म्हणतात आणि ताटात अन्न टाकणाऱ्या मुलाला त्याची भीती घालतात. मिशनच्या अनाथालयांतून तेव्हा शेकडो मुले वाढली. आंटींची पणजी त्यांतली. आईबाप कोण, जात कोणती, काही माहीत नाही. त्याच दुष्काळात रमाबाईंनी गुजरातेतून मुली केडगावला आणल्या आणि मुक्तिसदनातली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्याच वर्षी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. ही तीन गावे, ब्यावर, केडगाव आणि नगर, एकाच वर्षाच्या सुतात ओवलेली मी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिली नाहीत; ती मला आंटींच्या स्वयंपाकघरात दिसली.

मी ख्रिस्ती नाही. आंटींनी मला कधी व्हायला सांगितले नाही. नवरा गेला त्या पहिल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला, आणि मुलगी घाबरून खाली धावली. त्या वर आल्या, मला औषध दिले, मुलीला जेवायला घातले, सासूबाईंचा रक्तदाब मोजला आणि मग पलंगाशी उभ्या राहून प्रार्थना केली. मोठ्याने, साध्या हिंदीत, जणू शेजारच्या खोलीत बसलेल्या कुणाला तरी यादी वाचून दाखवावी तशी: इसका बुखार उतार दो, बच्ची का इम्तहान है, माताजी की नींद ठीक कर दो, और इसके आदमी को अक्ल दो। शेवटच्या मागणीला सासूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, पडल्या पडल्या 'हो' म्हटले. मला तापात हसू आले.

त्यानंतर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे मसुदा वाचायला जाऊ लागले. आंटींची दोनतीन ख्रिस्ती मैत्रिणीही येत: एक केरळची, एक अजमेरची, एक झारखंडहून इथे आलेली. त्यांना टिळक कोण हे माहीत नव्हते. मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडले की टिळकांची गीते भेटतात. इथे तसे काही नाही. त्यांनी लक्ष्मीबाईंना थेट आपल्यातली एक म्हणून ऐकले. नवरा सामान आणायला जातो आणि पैसे वाटून येतो, यावर तिघी एकदम बोलू लागल्या. अजमेरच्या बाई म्हणाल्या, पाद्रीशी लग्न केलेल्या माझ्या बहिणीचे हेच. बाप्तिस्म्याचा भाग आला तेव्हा मला वाटले होते त्या टिळकांच्या बाजूने होतील; कारण शेवटी त्यांच्या दृष्टीने त्यांना सत्य सापडले होते. आंटी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'प्रभू मिल गया तो अच्छा हुआ। पर घर में बता के जाना चाहिए था।' आणि चहा ठेवायला उठल्या. टिळकांच्या धर्मांतरावर मी पुष्कळ लेख वाचले आहेत, बाजूचे आणि विरोधातले. एवढे नेमके वाक्य कुठे भेटले नव्हते.

पुढल्या गुरुवारी आम्ही घराचा भाग वाचला. बाप्तिस्म्यानंतरच्या लक्ष्मीबाईंचा संसार सुखाचा झाला असे कुणी समजू नये. टिळक होते तसेच राहिले. भांडणे व्हायची, रुसवे व्हायचे, पैसे पुरायचे नाहीत. घर मात्र कधी रिकामे राहिले नाही. पोरकी मुले, विद्यार्थी, कुणीही यावे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला 'बालकवी' म्हटले गेले तो त्र्यंबक ठोमरे हा मुलगाही त्यांच्याकडे नगरला येऊन राहिला, आणि त्याच्यावर लक्ष्मीबाईंनी आईची माया केली. मे १९१८ मध्ये जळगावजवळ भादलीला तो आगगाडीखाली सापडून गेला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले. त्याच्या आधी दोन वर्षे त्यांनी मिशनची नोकरीही सोडली होती, चर्चच्या भिंतींबाहेरचा 'देवाचा दरबार' उभारण्यासाठी. म्हणजे पन्नाशीत लक्ष्मीबाईंच्या हातातून पगाराचे घर दुसऱ्यांदा सुटले. या वेळी मात्र त्या त्यांच्याबरोबर होत्या.

टिळकांनी ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र 'ख्रिस्तायन' सुरू केले होते. त्यांचे अकराच अध्याय झाले. उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, शेवटचा मुलाने, आणि १९३८ मध्ये ग्रंथ निघाला. नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामे बायकोने पुरी करायची, ही आपल्याकडची जुनीच रीत. पण अकरा आणि चौसष्ट हे आकडे एकदा शेजारी लिहून पाहावेत. 'स्मृतिचित्रे' हेही मुळात टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने आईकडून आठवणी मागितल्या त्यातून आले. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा ते अपुरे होते. चरित्र नवऱ्याचे व्हायचे होते, झाले तिचे.

आता तो शब्द. मराठीत आपण धीर देतो, धीर धरतो, धीर सुटतो, धीर खचतो; कुणी धीराची असते. हिंदीत 'धीरज' आहे, पण तो फक्त धरायचा असतो. दुसऱ्याला 'धीरज देणे' जरा पुस्तकी. 'ढाढ़स बँधाना' म्हणावे तर त्यात रडणे गृहीत आहे. 'हिम्मत' मर्दानी वाटते. लक्ष्मीबाईंचा धीर यांपैकी कशातच बसत नव्हता. त्यांच्याकडे तो कधी देवाकडून येतो, कधी टिळकांकडून, कधी एखाद्या परक्या बाईकडून; आणि पुष्कळदा त्या स्वतःच टिळकांना देत असतात, ज्यांच्यामुळे त्यांचा स्वतःचा खचलेला असतो. घेणारा आणि देणारा सतत जागा बदलतात. मिशनच्या पत्रकांत ज्याला 'प्रोत्साहन' म्हणतात ते वरून खाली येते. हे तसे येत नाही.

मी ही अडचण गुरुवारी सांगितली. केरळच्या बाईंनी आपल्या भाषेतला शब्द सांगितला, तो कुणालाच म्हणता आला नाही. आंटी म्हणाल्या, 'हमारी दादी कहती थी, थ्यावस। थ्यावस राख।' राजस्थानी बोलीतला शब्द. मुलाला, बैलाला, उकळत्या दुधाला, रडणाऱ्या सुनेला, सगळ्यांना तो सारखाच म्हणतात. आणि दादीला तो तिच्या आईने शिकवला असणार, म्हणजे छप्पनियातून वाचलेल्या त्या मुलीने.

तो शब्द हिंदी वाचकाला कळेल का, हा प्रश्न होता. मी दोन ठिकाणी ठेवला, बाकी ठिकाणी 'धीरज'वर भागवले. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवले. मी तसेच राहू द्या असे कळवले आहे.

नवरा गेल्या शनिवारी आला तेव्हा मी त्याला हे प्रकरण हिंदीत वाचून दाखवले. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, 'पाच वर्षांत टिळकांनी तिला पत्रात काय लिहिलं?' मी म्हटले, 'ते पुढच्या वेळी वाचते. तू आधी आंटींकडे जाऊन ये, तुला बोलावलंय.' तो खाली गेला तो तासभर वर आला नाही. मुलगी जिन्यात जाऊन ऐकून आली आणि म्हणाली, प्रार्थना चालली नाहीये, नुसतं बोलणं चाललंय, आणि बाबा काहीच बोलत नाहीये.